हातगडच्या वळणावरचं दही

माझ्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर दोन राज्यांचे अर्थसंकल्पही वाढले गेले. मी बडोद्याची. घर मराठी, पण तीन पिढ्या गुजरातेत मुरलेलं. आमच्या आमटीत गूळ जरा सढळ आणि बोलण्यात अधूनमधून गुजराती ‘छे’. सासर नाशिकचं, पंचवटीतलं. जिलब्यांचा दुसरा फेरा चालू असताना माझे बाबा मोठ्या गोड आवाजात म्हणाले की, येताना डोळा लागला होता, पण गाडी खड्ड्यात आपटली आणि महाराष्ट्र आल्याचं कळलं. पंगत हसली. माझे सासरे हसले नाहीत. त्यांनी जिलबी पानात ठेवली, हात पुढे केला आणि विचारलं,

“व्याही, तुमच्या खिशातल्या नोटा कुठे छापतात? नाशिकरोडला. आम्ही एक दिवस सुट्टी घेतली की मग बोला तुमच्या गुजरातच्या श्रीमंतीबद्दल.”

“छापता तुम्ही,” बाबा म्हणाले, “मोजतो आम्ही.”

मी कपाळाला मुंडावळ्या बांधून बसले होते आणि मनात म्हणत होते, बाई गं, तुझं आयुष्य काही कंटाळवाणं जाणार नाही. ते खरं ठरलं. त्याबद्दल त्या दोघांचे उपकार मी अजून मानते.

हे लग्न नाशकात का झालं, त्याचंही कारण सांगायला हवं. रीतीप्रमाणे ते बडोद्याला व्हायचं. पण सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, साठ सालापासून गुजरातेत पाऊल ठेवलेलं नव्हतं. दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा डांग तिकडे गेला, आणि डांग आपला होता असं त्यांचं मत होतं. मत कसलं, दुखणं होतं. वणीच्या पुढे घाट चढून गेलं की हातगडचा किल्ला लागतो, आणि किल्ल्याच्या पलीकडे हद्दीचा दगड ओलांडला की डांगातलं सापुतारा. थंड हवा, तळं, सरकारनं नव्यानं बांधलेली विश्रामगृहं. मामंजींच्या दृष्टीनं ते कुणीतरी उचलून नेलेलं आपलं ताट होतं. त्यामुळे बोलणी करायला सासूबाई आणि आमचे हे रेल्वेनं बडोद्याला आले, आणि लग्नाला मुलीकडचं अख्खं वऱ्हाड नाशकात.

मामंजींचा धंदा भाड्याच्या गाड्यांचा. एक अँबॅसिडर आणि एक म्हातारी फियाट. रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूंना त्र्यंबकला न्यायचं, वणीला गडाच्या पायथ्याशी न्यायचं, कधी येवल्याला पैठणी घ्यायला आलेल्या मंडळींना फिरवायचं. अँबॅसिडर मामंजी चालवायचे, फियाट हे चालवायचे. मामंजी गाडी चालवत तेव्हा नुसती गाडी चालवत नसत. कुठल्या डोंगरावरून कोण कुठे उडी मारून गेलं, कुठल्या झाडाखाली सीतामाई टेकली होती, सगळं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून सांगत. प्रवासी देवाचं नाव घेत आणि त्यांना वाटे, भक्तिभावानं घेताहेत.

पण माझ्या लग्नानंतर चारेक वर्षांत धंदा बसू लागला. त्र्यंबकला आणि वणीला एसटीच्या फेऱ्या वाढल्या होत्या. दोन गाड्या, दोन माणसं आणि काम एका गाडीचं, अशी स्थिती. हे सकाळी फियाट पुसायचे आणि संध्याकाळी पुन्हा तीच फियाट पुसायचे. फियाट नुसती चकाकत होती.

त्याच सुमारास लोक सापुताऱ्याला जाऊ लागले होते. शाळांच्या सहली, बँकेतली मंडळी, नवी लग्नं झालेली जोडपी. आमच्याच गल्लीत येऊन विचारत, सापुताऱ्याला गाडी मिळेल का? मामंजी सांगत, वणीपर्यंत मिळेल, हातगडपर्यंतसुद्धा मिळेल, किल्ला बघा, फार सुंदर आहे. लोक म्हणत, किल्ला नको, तळं हवं. मामंजी म्हणत, मग गंगापूर धरणावर जा. आणि लोक जात, दुसऱ्याची गाडी करून, सापुताऱ्याला.

एकदा मी धीर करून म्हटलं, “मामंजी, आपण रोजची सापुतारा फेरी सुरू करू या. मला गुजराती येतं, तिकडच्या विश्रामगृहांशी मी बोलते.”

ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “सूनबाई, हद्दीवरच्या नाक्यावर कर भरावा लागतो. तो गुजरातच्या तिजोरीत जातो. त्या तिजोरीत माझा पैसा जाणार नाही.”

“पण आपल्या तिजोरीत येईल त्याचं काय?”

यावर त्यांनी पान उलटलं. सासूबाई आतून म्हणाल्या की, आपल्या घरात तिजोरीच नाही, डबा आहे, आणि त्याचं झाकण सध्या सहज बसतं. त्यांनाही पान उलटल्याचाच आवाज ऐकू आला.

आता बडोद्याच्या बाजूचं सांगते. माझ्या बाबांना धंदा बसल्याची बातमी लागली. मी कळवली नव्हती. सासूबाईंच्या भावजयीची माहेरची कुणी बडोद्याला होती, अशा गोष्टी अशाच जातात. बाबांनी लगेच जावयासाठी एका कारखान्यात नोकरी बघून ठेवली. गाड्यांच्या विभागावर देखरेख, ठरलेला पगार, रविवारची सुट्टी. राहायला आमचंच घर, वरचा मजला मोकळाच होता. सगळं प्रेमानं केलेलं, आणि सगळ्याला एकच नाव होतं. ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही, पण स्वयंपाकघरातल्या झुरळांनासुद्धा माहीत होतं. घरजावई.

यांना जायचं नव्हतं. पण पुसलेली फियाट पुन्हा पुसायची नव्हती, हेही खरं. वडिलांना हे अण्णा म्हणत. एकदा मला म्हणाले की, अण्णांना सोडून जाणं म्हणजे... आणि पुढचं वाक्य पूर्ण न करता अंगणात गेले. मामंजी तर या विषयावर बोलतच नव्हते. ज्या माणसाला त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाबद्दल गोष्ट माहीत होती, त्याच्याकडे मुलगा चालला याबद्दल एक शब्द नव्हता. फक्त बाबांशी भांडण व्हायचं ते अधिक त्वेषानं होऊ लागलं. वीज कुणाकडे जास्त, साखर कुणाची गोड, द्राक्षं कुणाची आणि दूध कुणाचं. बाबा आले की दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसत आणि राज्यं एकमेकांवर फेकत. बाबांच्या राज्यात दारूबंदी असल्यामुळे नाशिकची थंडी त्यांना विशेष बाधायची आणि थंडीवरचं औषध ते कुणाच्या तरी घरी जाऊन घेऊन यायचे. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून महाराष्ट्राबद्दल वावगा शब्द निघत नसे. मामंजी आम्हाला हळूच म्हणायचे, औषध लागू पडलं.

अशात एक दिवस मुंबईच्या कुठल्याशा मोटार क्लबाचे तिघं जण गाडी शोधत पंचवटीत आले. त्यांची मोटारींची मोठी शर्यत व्हायची होती. मुंबईहून निघून नाशकात मुक्काम, मग वणी, सापुतारा आणि खाली गुजरातेत. त्यांना आधी रस्ता पाहून यायचा होता आणि जाणता चालक हवा होता. मामंजींनी त्यांना हातगडपर्यंत नेलं, प्रत्येक वळण गोष्टीसकट दाखवलं, आणि हद्दीच्या दगडापाशी गाडी बंद करून म्हणाले, आपण इथपर्यंत. ते तिघं सुटाबुटातले गृहस्थ पुढे ट्रकमध्ये बसून सापुताऱ्याला गेले आणि ट्रकमधूनच परत आले. पण रागावले नाहीत. उलट मामंजींच्या गोष्टींवर इतके खूश झाले की, शर्यतीच्या दिवशी या म्हणाले, आमचे पाहुणे म्हणून.

मामंजींनी याचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. पाहुणे आपण कसे, पाहुणे तर ते. इतक्या गाड्या आपल्या राज्यातून परराज्यात जाणार, आणि त्यांना निरोप द्यायला कुणी नको? आपल्याकडे घरातून कुणी प्रवासाला निघालं की हातावर दही ठेवतात. तसं प्रत्येक गाडीतल्या माणसाच्या हातावर, महाराष्ट्र सोडण्यापूर्वी, दही पडलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, मामंजी, शर्यत आहे, ते थांबतील कशाला? ते म्हणाले, दह्याला कोण नाही म्हणतं?

बाबांनाही शर्यत बघायची होती. ते बडोद्याहून आदल्या दिवशीच सापुताऱ्याला येऊन राहिले. त्यांना नोकरीचं उत्तरही हवं होतं. कारखाना फार दिवस थांबणार नव्हता. मामंजी हद्द ओलांडणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून असं ठरलं की शर्यत संपली की बाबा पायी दगडापर्यंत येतील आणि दोन्ही व्याही तिथे भेटतील. लढाईनंतर कैद्यांची अदलाबदल करतात ना, तसं. कैदी म्हणजे माझा नवरा, आणि तो त्या दिवशी नेमका फियाटमधून एका कुटुंबाला त्र्यंबकला घेऊन गेला होता. जाताना मला एवढंच म्हणाला, “अण्णा काय म्हणतील ते मी ऐकेन. पण त्यांना काहीतरी म्हणायला लाव.”

सासूबाईंनी दोन मोठी पातेली दही विरजलं. पहाटे आम्ही निघालो: मामंजी, सासूबाई, मी आणि दही. हातगडच्या अलीकडच्या वळणावर पोचलो तर गावातली माणसं आधीच गोळा झालेली. बाया, म्हातारे, चढावर उभ्या केलेल्या बैलगाड्या. मामंजींनी लगेच मोठ्या आवाजात सगळ्यांना शर्यतीची माहिती द्यायला सुरुवात केली, जी त्यांना स्वतःलाही नव्हती.

आणि मग पहिली गाडी आली. धुरळा उडवत, कर्कश्श हॉर्न देत आली, आणि मला वाटलं दह्याचं आता काही खरं नाही. पण काय आश्चर्य, आमच्या वळणाच्या पुढे, एका पिवळ्या फलकाच्या अलीकडे ती गाडी आपणहून थांबली. आतला माणूस खाली उतरला, त्यानं आळस दिला आणि घड्याळ बघत उभा राहिला. मागून दुसरी आली, तीही थांबली. तिसरीही. मामंजी दही घेऊन गेले, आणि त्या माणसांनी हसत हसत हात पुढे केले. साखर घातलेलं होतं.

मामंजींचा चेहरा तेव्हा मी पाहिला. तो चेहरा मला आजही बघायला आवडेल. ते परत आले आणि गावकऱ्यांकडे वळून म्हणाले, “बघितलंत? इतक्या लांबून वाऱ्यासारखे आले आणि हद्दीपाशी येऊन पाय अडखळला. जावंसं वाटत नाहीये त्यांना तिकडे.”

मी त्या गाडीवाल्यांपैकी एकाला विचारून आले होते. कारण साधं होतं. या शर्यतीत नुसतं जोरात पळायचं नसतं. वेळ नोंदवणाऱ्या पुढच्या टेबलावर नेमक्या ठरलेल्या मिनिटाला हजर व्हायचं असतं. उशीर झाला तर गुण जातात, आणि लवकर पोचलं तरी जातात. टेबल होतं हद्दीच्या पलीकडे, सापुताऱ्याच्या तोंडाशी. पिवळ्या फलकाच्या आत शिरलं की मध्ये थांबायला परवानगी नाही. म्हणून लवकर आलेले सगळे फलकाच्या अलीकडे वेळ काढत उभे. मी हे मामंजींना समजावून सांगितलं.

ते म्हणाले, “तो तुला तसं सांगणारच. भला माणूस आहे, यजमानांचं मन दुखवत नाही.”

“यजमान तर आपण आहोत.”

“मी पुढच्या यजमानांबद्दल बोलतोय.”

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. गाड्या येत राहिल्या, थांबत राहिल्या, दही संपत आलं. मामंजींचा सिद्धांत प्रत्येक गाडीबरोबर भक्कम होत चालला. गावातल्या एका म्हातारीनं विचारलं, इतकं वाटत असंल तर जातात कशाला मंग? मामंजी म्हणाले, नाइलाज.

शेवटी एक लाल गाडी आली. बराच वेळ मध्ये गेला होता, लोक पांगून रस्त्यावर आले होते. ही गाडी इतरांसारखी ऐटीत येत नव्हती. खोकत, कण्हत, पण थांबायचं नाही अशा हट्टानं येत होती. म्हातारी म्हणाली, “ही लय घाईत हाय, हिला नका आडवू.” पण मामंजी आतापर्यंतच्या अनुभवानं निश्चिंत होते. ते वाटी घेऊन रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले.

गाडी थांबली. थांबवावीच लागली. एक आचका देऊन बंद झाली, आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

आत दोन मुली होत्या. माझ्याच वयाच्या असतील. चालवणारीचे केस आखूड कापलेले, दंडापर्यंत ग्रीस लागलेलं. शेजारचीच्या मांडीवर नकाशा आणि हातात घड्याळ. मामंजींनी खिडकीतून वाटी पुढे केली. आखूड केसांच्या मुलीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, हात पुढे केला, दही तोंडात टाकलं, तळहात पँटला पुसला आणि म्हणाली,

“काका, दही छान आहे. पण दिंडोरीपासून स्टार्टर गेलाय. इंजिन बंद पडू न देता इथवर आणली होती. आता ही सुरू नाही होणार.”

शेजारची घड्याळाकडे बघत म्हणाली की, अजून पाव तासात टेबलावर पोचलो नाही तर आपण शर्यतीतून बाद.

मागे उतारावर गाडी सोडून सुरू करावी, तर उतारावर बैलगाड्या आणि माणसं. पुढे चढ. गावातली पाचसहा जणं ढकलायला धावली, पण तो चढ ढकलण्यासारखा नव्हता. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांच्या हातात रिकामी वाटी होती आणि तोंडावर इतका वेळ असलेलं नाटक गळून पडलं होतं. ज्याच्या हातावर आपण दही ठेवलं त्याचं काम व्हायलाच हवं, अशी आपली समजूत. इथे तर दह्यानंच काम मोडलं होतं. आणि त्यांच्या मनात अजून काय चाललं होतं, ते त्यांच्या त्या गाडीकडे बघण्यावरून मला कळलं. निघालेल्या पोरांना आडवं उभं राहण्यात आपण आता तरबेज झालो, असं काहीसं असावं.

त्यांनी वाटी सासूबाईंकडे दिली. डिकीतून सुंभाची जाड दोरी काढली, स्वतः रस्त्यावर आडवे होऊन अँबॅसिडरच्या मागे आणि लाल गाडीच्या पुढे बांधली. मला म्हणाले, मागे बस आणि काचेतून दोरीवर लक्ष ठेव. सासूबाई गावातल्या बायांबरोबर वळणावरच राहिल्या.

चढ सुरू झाला. अँबॅसिडर घोंघावत होती, दोरी करकरत होती, मागच्या गाडीत ती मुलगी पुनःपुन्हा क्लच सोडून बघत होती आणि इंजिन दर वेळी उचकी देऊन गप्प बसत होतं. पिवळा फलक मागे गेला. समोर हद्दीचा दगड दिसला, पांढरा रंग दिलेला. त्याच्या पुढे नाका. शर्यतीसाठी त्याचा आडवा दांडा वर केलेला होता.

दगडापाशी गाडीचा वेग कमी झाला. मला वाटलं, थांबतात आता. मामंजी समोर बघत होते. मग आरशातून माझ्याकडे न पाहता म्हणाले,

“सूनबाई, डोळे मिट.”

मी मिटले नाहीत. असला प्रसंग पुन्हा आयुष्यात येतो का? मी चांगले टक्क उघडे ठेवले. दगड डाव्या खिडकीतून सरकत मागे गेला. आभाळ कोसळलं नाही. रस्ता मात्र एकदम गुळगुळीत लागला, आणि मामंजी दातओठ खाऊन पुटपुटले, “आमच्याच डांगातला आहे.”

पहिल्याच मोकळ्या सपाटीवर मागचं इंजिन पेटलं. मी ओरडले, मामंजींनी थांबून दोरी सोडली, आणि लाल गाडी आमच्या बाजूनं भोंगा वाजवत पुढे गेली. शेजारच्या मुलीनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढून टेबलावर वेळेच्या नोंदीचा कागद ठेवला. वेळेत. उशिरा, पण बाद होण्याच्या आत. पुढे त्या शर्यतीत त्या कितव्या आल्या, ते मला आजतागायत माहीत नाही. माझ्यापुरत्या त्या पहिल्या.

टेबलाजवळ खुर्ची टाकून माझे बाबा बसले होते. ते सावकाश उठले. त्यांनी अँबॅसिडरकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, नाक्याकडे पाहिलं. आयुष्यभर जी संधी माणूस मागतो ती समोर उभी होती. मी मनात म्हटलं, बाबा, नका. काही बोलू नका.

बाबा पुढे आले, दोन्ही हात जोडून म्हणाले, “या व्याही. आलात, घर पावन झालं.”

मामंजी गाडीतून उतरले, धोतराची धूळ झटकली.

“आलेलो नाही,” ते म्हणाले. “पोचवायला आलोय.”

बाबा इतके हसले की त्यांना पुन्हा खुर्चीत बसावं लागलं. मग मामंजीही हसले. मी त्या दोघांना एकत्र हसताना प्रथमच बघत होते, आणि त्यासाठी एक हद्द ओलांडावी लागली होती.

बाबांनी त्यांना तळ्यापर्यंत नेलं. मामंजी हात पाठीमागे बांधून चालत होते, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. कणसं भाजणारी बाई आमच्या सुरगाण्याकडची निघाली. चहावाल्याचं दूध हातगडहून येत होतं. तळ्यावरच्या नावेत आमच्याच गल्लीतलं एक जोडपं बसलेलं दिसलं, दुसऱ्याची गाडी करून आलेलं; त्यांनी मामंजींना पाहिलं आणि नावेतच खाली वाकून लपले. मामंजींनी दोन कणसं घेतली.

परतायला निघालो तेव्हा नाक्याजवळ सुरतेचं एक कुटुंब एसटीची वाट पाहत ताटकळत होतं. त्यांना वणीला देवीच्या दर्शनाला जायचं होतं, दुपारची बस चुकली होती. मी गुजरातीत विचारपूस केली आणि मामंजींना सांगितलं.

“सुरतेहून वणीला?” ते म्हणाले.

“दर वर्षी येतात म्हणे. आणि त्यांच्यासारखे पुष्कळ येतात. इथवर येऊन अडकतात.”

मामंजी दोन मिनिटं त्या कुटुंबाकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, ते दिसत होतं. मग स्वतः जाऊन डिकी उघडली आणि त्यांचं सामान उचललं. बाबा म्हणाले, मीही येतो नाशकात, जावयाशी बोलायचंय. तेही पुढच्या सीटवर चढले. वळणावर सासूबाईंना घेतलं. गाडीत आता श्वास घ्यायला जागा नव्हती, तरी मामंजींनी हातगडच्या किल्ल्याची गोष्ट सुरू केली आणि मला गुजरातीत सांगायला लावली. सुरतेच्या आजी डोळे पुसू लागल्या. मी तिखटमीठ जरा जास्त लावलं होतं.

वणीला ते कुटुंब उतरलं आणि परतीची गाडी उद्या हवी म्हणून तेव्हाच ठरवून गेलं. गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर मामंजी बाबांना म्हणाले, “कळलं का व्याही? तुमची माणसं तिकडे कंटाळून आमच्याकडे येतात. देवी आमच्याकडे आहे. तुमच्याकडे तळं आहे फक्त.”

“मग आणा की त्यांना,” बाबा म्हणाले. “नाक्यावरून रोज आणा. आमच्याकडच्या लोकांच्या हातात प्रवासाला पैसा असतो, म्हणून ते येतात. नाशिकचे लोक काय, तळं बघून कणीस खाऊन परत.”

भांडण दिंडोरीपर्यंत रंगलं. मी मागे बसून ऐकत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे दोघे भांडत नव्हते. मामंजींना गुजरातची माणसं रोज महाराष्ट्रात ओढून आणायची होती, बाबांना महाराष्ट्राची माणसं रोज गुजरातेत बोलवायची होती, आणि दोघांच्याही विजयासाठी रोज एक गाडी नाशिक ते सापुतारा जाणं-येणं भाग होतं. मी अगदी चूप बसले. अशा वेळी तोंड उघडणं म्हणजे पिकलेल्या फळाला हात लावणं.

घरी पोचलो तेव्हा हे अंगणात फियाट पुसत होते. बाबांना पाहून फडकं खांद्यावर टाकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच वाक्य दिसलं, सकाळचं. मामंजींनी पाय धुतले, तोंड पुसलं, वेळ काढला. घरात कुणी हालत नव्हतं. मग ते यांना म्हणाले,

“उद्या वणीहून सुरतेची मंडळी नाक्यापर्यंत न्यायची आहेत. अँबॅसिडर तू घे. जाताना इथून सापुताऱ्याची माणसं मिळतात का बघ, गल्लीतलेच लपून जातात.”

“नाक्यापर्यंत की पुढे?” यांनी विचारलं.

“पुढे. पोचवायला गेलेला माणूस दारात सोडून येत नाही.”

यांनी फडकं घडी करून फियाटच्या बॉनेटवर ठेवलं, आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाकरून सांगितलं की, कारखान्याचं ते बघतील, तिथे त्यांच्या भाच्यालाही नोकरी हवीच होती. आणि बडोद्यात त्यांच्या ओळखीची चिक्कार मंडळी आहेत जी वणीला यायची म्हणतात. त्यांना काय सांगायचं, गाडी कुणाकडे आहे म्हणून? मामंजी म्हणाले, सांगा, नाशिकची आहे. बाबा म्हणाले, सांगेन, पण चालवतो माझा जावई.

त्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली. दोघं शेजारी शेजारी जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच बाबा म्हणाले, पिठल्यात गूळ हवा होता. मामंजी म्हणाले, गूळ कोल्हापूरचा, तेव्हा जपून बोला. मी स्वयंपाकघरात तव्यासमोर बसून पुढची भाकरी थापत होते. हे दाराशी येऊन उभे राहिले, आतही येईनात आणि बाहेरही जाईनात. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, ऐकतोय. मीही भाकरी तव्यावर टाकली आणि ऐकत राहिले. बाहेर साखरेवरून प्रकरण दुधावर आलं होतं, आणि दुधाला काही तळ लागणार नव्हता.